दोन दुकानांच्या मधला बिघाड

"लॅपटॉप टीव्हीला लावलाय, पण येत नाही." दुकानातल्या फोनवर तक्रार बहुतेक वेळा एवढ्याच शब्दांत येते. मग मी विचारतो, टीव्हीच्या पडद्यावर आत्ता काय दिसतंय ते आधी सांगा. ‘नो सिग्नल’ असं लिहून आलंय, की पडदा नुसताच काळा आहे? चित्र येऊन जातंय का? कडा कापल्यात का? चित्र आहे पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय, असं आहे का? गिऱ्हाइकाला हे प्रश्न नकोसे वाटतात. आपण येऊन पटकन काहीतरी बसवावं आणि मोकळं करावं, अशी त्याची अपेक्षा असते. पण पुढचं सगळं या उत्तरांवरच ठरतं. ‘नो सिग्नल’ म्हणजे टीव्ही ज्या पोर्टकडे बघतोय तिथं त्याला काहीच मिळत नाहीये. अक्षरांशिवाय काळा पडदा म्हणजे काहीतरी पोचतंय, पण ते टीव्हीला दाखवता येत नाही किंवा दाखवू दिलं जात नाही. चित्र येऊन जात असेल तर बहुधा केबल, नाहीतर ढिलं पडलेलं पोर्ट. यातलं बरंचसं फोनवरच सुटतं. सेट-टॉप बॉक्स एका एचडीएमआय पोर्टवर असतो, लॅपटॉप दुसऱ्यावर लावलेला असतो आणि रिमोटवरचं सोर्सचं बटण कुणी दाबलेलंच नसतं.

विट्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला, मग कॉम्प्युटर हार्डवेअर शिकलो. दोन्हीकडचं थोडं थोडं हाताखालून गेल्यामुळे हे मधलं काम माझ्याकडे आपसूक येत गेलं. मधलं म्हणायचं कारण असं, की लॅपटॉप आणि टीव्ही जोडताना बिघाड झाला तर तो धड कुणाच्याच दुकानात बसत नाही. टीव्हीवाला म्हणतो, टीव्ही ठीक आहे, सेट-टॉप बॉक्सचं चित्र बघा किती स्वच्छ येतंय. लॅपटॉपवाला म्हणतो, लॅपटॉप ठीक आहे, त्याच्या स्क्रीनवर सगळं दिसतंय की. दोघंही खरं बोलत असतात. मध्ये सापडलेला माणूस मात्र आधी नवी केबल घेतो, मग कुणीतरी सांगितलेला कन्व्हर्टर घेतो आणि शेवटी टीव्हीच बदलावा का, या विचाराला येतो. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं. पैसे जातात ते बिघाडामुळे कमी, आणि बिघाड कुठं आहे हे कुणी नीट न शोधल्यामुळे जास्त.

मी शिकलो तेव्हा जोडणी डोळ्यांना दिसायची. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. पुढे व्हीजीएचा निळा जोड आला. आयबीएमनं तो १९८७ साली बाजारात आणला, १५ पिनांचा, आणि तो इतकी वर्षं टिकला की आमच्याकडच्या जुन्या प्रोजेक्टरांवर अजूनही तोच असतो. त्या काळातला बिघाड स्वतःहून बोलायचा. एक पिन वाकली की चित्र पिवळं किंवा जांभळं पडायचं, केबल लांब झाली की अक्षरांना मागे सावली यायची. चित्र खराब व्हायचं, पण यायचं, आणि ते कसं खराब झालंय यावरून दोष कुठं आहे ते सांगता यायचं. एचडीएमआयमध्ये ही सोय राहिली नाही. सिग्नल पुरेसा चांगला असेल तर चित्र अगदी स्वच्छ. तो थोडा घसरला की पडद्यावर ठिपके चमकायला लागतात, आणि आणखी थोडा घसरला की सगळंच बंद. खराब आणि बंद यांच्यात अंतर फार कमी. म्हणून इथं डोळ्यांपेक्षा आतलं काम समजून घेण्यावर भर द्यावा लागतो.

आतलं काम असं चालतं. एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरात आली. सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची अशा सात कंपन्यांनी मिळून ती ठरवली होती. जोडाला १९ पिना. केबल लावल्याबरोबर लॅपटॉप चित्र पाठवत नाही. तो आधी अठराव्या पिनवर पाच व्होल्ट देतो. टीव्ही त्याला एकोणिसाव्या पिनवरून कळवतो, की मी इथं आहे. मग पंधराव्या आणि सोळाव्या पिनांवरून लॅपटॉप टीव्हीतल्या एका छोट्या मेमरीतली माहिती वाचतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. १२८ बाइटचा एक मूळ भाग आणि एचडीएमआय टीव्ही असेल तर तेवढाच निदान एक जोडभाग. टीव्ही कुणी बनवला, मॉडेल कोणतं, कोणकोणत्या मापाचं चित्र घेऊ शकतो, सेकंदाला किती वेळा घेऊ शकतो, आवाज घेतो का, हे सगळं त्यात असतं. ते वाचून झाल्यावरच लॅपटॉप ठरवतो काय पाठवायचं ते.

हे एकदा मनात पक्कं बसलं की पुष्कळ कोडी उलगडतात. माहिती अर्धवट वाचली गेली तर लॅपटॉप भलतंच लहान माप पाठवतो आणि अक्षरं पडद्यावर बटबटीत दिसतात. जोडभाग वाचला गेला नाही तर लॅपटॉपला वाटतं, समोर साधा मॉनिटर आहे. तो चित्र पाठवतो, आवाज पाठवतच नाही. एकोणिसावी पिन नीट टेकली नाही तर बाकीच्या अठरा पिना शाबूत असूनही लॅपटॉपच्या लेखी टीव्ही अस्तित्वातच नसतो. भिंतीवर चढवलेल्या टीव्हीच्या पोर्टाला जाड केबल आधाराशिवाय लोंबत असते. तिच्या वजनानं पोर्ट हळूहळू खाली ओढलं जातं आणि दोष तिथून सुरू होतो. केबल पोर्टापासून वीतभर अंतरावर भिंतीला क्लिपनं बांधली, तर हा बिघाड टळतो. टीव्ही बसवणाऱ्यांनी एवढं केलं तरी माझं बरंच काम कमी होईल, आणि ते झालेलं मला आवडेल.

खानापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं काम मी अजून विसरलेलो नाही. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा व्यवसाय घेऊन ती तमिळनाडू-केरळपासून थेट उत्तरेपर्यंत पांगली आहेत; पण गावच्या देवळाला आणि शाळेला त्यांचा हात नेहमी असतो. या शाळेतला मोठा टीव्ही अशाच लोकवर्गणीतून आलेला. वर्गाच्या पुढच्या भिंतीवर उंच चढवलेला, आणि लॅपटॉपचं टेबल वर्गाच्या मागच्या बाजूला, कारण विजेचा बोर्ड तिथं होता. मधली केबल १५ मीटरची, केसिंग पट्टीतून व्यवस्थित नेलेली. फिटिंग खरोखर देखणं झालं होतं.

चित्र मात्र येत नव्हतं. मी जायच्या आधी सगळं तपासून झालं होतं. बाईंनी लॅपटॉप घरी नेऊन स्वतःच्या टीव्हीला लावला होता, तिथं चित्र आलं. टीव्हीवाल्यानं सेट-टॉप बॉक्स आणून मागच्या टेबलावर, त्याच पट्टीतल्या केबलला लावला होता, तिथंही चित्र आलं. म्हणजे लॅपटॉप चांगला, टीव्ही चांगला, केबलही चांगली. तिघं चांगले असून चित्र नाही, तेव्हा गावात असं बोललं जाऊ लागलं, की हा टीव्ही लॅपटॉपला चालणारा नाही. शाळा व्यवस्थापन समितीत दुसरा टीव्ही घ्यायचा विषय निघालासुद्धा होता. "वर्गणीचा पैसा हाय, पुन्हा कुणाच्या दारात जायाचं?" असं एक सदस्य मला म्हणाले. त्यांच्या आवाजातली लाज मला बरोबर समजली. परगावी भट्टीसमोर बसून मिळवलेल्या पैशातला वाटा होता तो.

मी लॅपटॉप लावला आणि आधी सेटिंगमध्ये गेलो. तिथं दुसरा डिस्प्ले दिसत होता, टीव्हीच्या कंपनीच्या नावासकट. माझ्या दृष्टीनं ही मोठी खूण होती. नाव दिसतंय म्हणजे ईडीआयडी वाचला गेलाय, म्हणजे पाच व्होल्ट पोचतायत, टीव्ही उत्तर देतोय, सगळ्या सावकाश चालणाऱ्या तारा ठीक आहेत. अडलंय ते वेगानं चालणाऱ्या तारांवर, जिथून प्रत्यक्ष चित्र जातं. मग सेट-टॉप बॉक्सचं चित्र कसं गेलं? टीव्हीवाल्याला फोन करून विचारलं, बॉक्स कोणत्या मापावर होता. ७२०पी वर, तो म्हणाला.

तिथं गाठ सुटली. ७२०पीच्या चित्रासाठी, मधल्या रिकाम्या जागा धरून, सेकंदाला ७ कोटी ४२ लाख ५० हजार ठिपके केबलमधून जावे लागतात. लॅपटॉप टीव्हीची क्षमता वाचून आपणहून १०८०पी पाठवत होता, सेकंदाला साठ चित्रं; त्याला १४ कोटी ८५ लाख ठिपके लागतात. बरोबर दुप्पट. पहिलं ओझं ती १५ मीटरची साधी केबल कशीबशी नेत होती, दुसरं तिला झेपत नव्हतं. केबल ‘चांगली’ होती ती फक्त बॉक्सपुरती.

खात्री करायला लॅपटॉपला ७२०पी पाठवायला लावायचं होतं. इथं एक बारकावा आहे, तो सांगून ठेवतो, कारण यात जाणती माणसंही अडकतात. विंडोजमध्ये वरवर रिझोल्युशन कमी केलं, तरी आतून तारेवर जुनंच माप जात राहू शकतं. लॅपटॉप लहान चित्र स्वतःच मोठं करून पाठवतो. तारेवरचं माप खरोखर बदलायचं तर डिस्प्ले अडॅप्टरच्या गुणधर्मांत जाऊन ‘लिस्ट ऑल मोड्स’ उघडावं लागतं आणि तिथून १२८० बाय ७२० निवडावं लागतं. मी ते निवडलं आणि टीव्हीवर चित्र आलं. पोरांनी एकच गलका केला. मला मात्र खरा आनंद त्या सदस्यांच्या चेहऱ्याकडे बघून झाला.

कायमचा उपाय त्याहून सोपा निघाला. लांब अंतरासाठी प्रकाशतंतूच्या एचडीएमआय केबली मिळतात, त्या १५ मीटर आरामात काढतात; पण त्या महाग असतात आणि त्यांना दिशा असते, एक टोक ठरावीकपणे लॅपटॉपकडे आणि दुसरं टीव्हीकडेच लावावं लागतं. शाळेत रोज हाताळणी होणार, ते टिकलं नसतं. मी सुचवलं, विजेचा एक पॉइंट पुढे घ्या, टेबल टीव्हीखाली आणा आणि तीन मीटरची केबल वापरा. तसं केलं. पूर्ण मापाचं चित्र आलं. शिवाय बाई आता मुलांच्या समोर उभ्या राहून शिकवू लागल्या. आधी त्या मुलांच्या पाठीमागे उभ्या असायच्या. ती लांब केबल मी काढून गुंडाळून ठेवायला सांगितली, ७२०पीसाठी ती अजूनही उपयोगाची आहे.

या कामानंतर एक सवय लागली, ती अजून आहे. लॅपटॉप, टीव्ही, केबल सुटे सुटे चांगले आहेत हे ऐकलं की मी तिथं थांबत नाही. कुठल्या मापावर, कुठल्या पोर्टावर, किती लांबीवर चांगले, हे विचारतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. माणसं घाईत केबल बदलतात, पोर्ट बदलतात, टीव्ही बंद-चालू करतात, सगळं एकदम. चित्र आलं तरी कशानं आलं ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच गत. बंद-चालू करायचंच असेल तर टीव्ही रिमोटनं बंद करून भागत नाही, तो आत जागाच असतो. भिंतीवरचं बटण बंद करून काही मिनिटं थांबायचं, म्हणजे त्याचा एचडीएमआयचा भाग नव्यानं सुरू होतो. पुष्कळ हटवादी ‘नो सिग्नल’ एवढ्यानं जातात.

लॅपटॉपच्या बाजूचा सगळ्यात जास्त भेटणारा बिघाड फॉरमॅटनंतरचा. कुणीतरी विंडोज नव्यानं टाकून दिलेली असते, लॅपटॉप झकास चालतो, फक्त टीव्ही ओळखत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला की डिस्प्लेच्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ लिहिलेलं दिसतं. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर टाकलेलाच नसतो. विंडोजचा हा कामचलाऊ ड्रायव्हर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा चालवतो, दुसऱ्या पडद्याचं त्याला जमत नाही. काही लॅपटॉपांत दोन ग्राफिक्स चिपा असतात आणि एचडीएमआय पोर्ट दुसरीला जोडलेलं असतं. तिचा ड्रायव्हर राहिला तर तेच. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यायचा, एवढंच काम. पण मदरबोर्ड गेलाय असं सांगितलं गेलेली माणसंही माझ्याकडे आली आहेत, आणि ते ऐकून मला राग येतो. फॉरमॅट करून देणाऱ्यानं लॅपटॉप परत देण्याआधी एकदा मॉनिटरला लावून बघणं, हा त्याच कामाचा भाग आहे.

घरगुती कामांत मला सगळ्यात जवळची वाटतात ती गलाईवाल्यांच्या घरची. मुलगा-सून परराज्यात, इथं आजी-आजोबा, आणि फोनच्या एवढ्याशा पडद्यावर नातवंडं दिसतात न दिसतात. म्हणून सुट्टीला आलेला नातू लॅपटॉप ठेवून जातो, टीव्हीवर व्हिडिओ कॉल लागावा म्हणून. चित्र लागतं, अडतं ते आवाजाशी. एचडीएमआयमधून आवाज जातो खरा, पण विंडोजला टीव्ही हा स्पीकर म्हणून निवडून द्यावा लागतो, आणि कॉलच्या अ‍ॅपमध्ये स्पीकरची निवड पुन्हा वेगळी असते. एक बदललं आणि दुसरं राहिलं, की टीव्हीवर ओठ हलताना दिसतात आणि आवाज कोपऱ्यातल्या लॅपटॉपमधून येतो. एका आजींनी मला सांगितलं, "पोरगी दिसती तिकडं अन् बोलती इकडं, मी कुठं बगू?" ती दोन्ही सेटिंग केली. तरी आजींचा प्रश्न अर्धाच सुटला होता, कारण कॅमेरा लॅपटॉपवर. त्या टीव्हीकडे बघून बोलायच्या आणि नातीला त्यांचा कान दिसायचा. मग टीव्हीच्या बरोबर खाली स्टूल ठेवलं, त्यावर लॅपटॉप, दोन्ही पडद्यांवर एकच चित्र. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबलं की चार पर्याय येतात, ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. त्यातला ‘डुप्लिकेट’ अशा घरांना योग्य. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड लावला, म्हणजे टीव्ही चित्रावर कमी प्रक्रिया करतो आणि दाखवायला उशीर लावत नाही. गेम कुणी खेळत नाही त्या घरात, पण बोलण्याला बोलणं लागून यायला तो मोड उपयोगी पडतो.

आता जे सांगतो ते शक्य तितक्या लोकांपर्यंत जावं असं मला मनापासून वाटतं. एचडीएमआय पोर्ट जळण्याबद्दल. दोन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागाला उघड्या पायानं उभं राहून हात लावला तर बारीक झिणझिण्या येतात, हे अनेकांनी अनुभवलं असेल. चार्जरच्या आतल्या एका लहान कपॅसिटरमधून अगदी थोडी वीज गळत असते. माणसाला तिचा सहसा धोका नसतो. मीटर लावला तर मात्र शंभराच्या आसपास व्होल्ट दिसतात. दुसऱ्या बाजूला टीव्हीला केबलवाल्याची किंवा छतावरच्या डिशची तार आलेली असते आणि ती बाहेर कुठंतरी जमिनीशी जोडलेली असते. दोन्ही यंत्रं चालू असताना एचडीएमआय घुसवलं, की हा फरक त्या क्षणी जोडातून वाहून जातो. जोडाचं बाहेरचं कवच आधी टेकलं तर निभावतं. वाकडं लावताना एखादी पिन आधी टेकली तर आतली नाजूक चिप जाते. टीव्ही चालू राहतो, सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या पोर्टवर चालू राहतो, ते एक पोर्ट कायमचं मुकं. लॅपटॉपच्या बाजूची चिप गेली तर दुरुस्ती त्याहून अवघड.

खरा उपाय अर्थिंग. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत आणि शाळांत बोर्डाला तिसरं भोक असतं आणि त्याच्यामागे तार नसते. वायरमन अर्थिंगचा खड्डा काढायचं सुचवतो तेव्हा तो खर्च सगळ्यात आधी कापला जातो, कारण त्यावाचून दिवा लागतो आणि पंखा फिरतो. पण माणसाच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे. टीव्ही-लॅपटॉप वाचतो तो वरचा फायदा. अर्थिंग होईपर्यंत एवढं तरी करावं : जोडताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवावा, टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करावा, केबल सरळ धरून बसवावी आणि मगच दोन्ही सुरू करावेत. दोघांची वीज एकाच बोर्डातून घ्यावी. आणि वळवाच्या दिवसांत, मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून आलं की, नुसता प्लग काढून थांबू नये. डिशची तार टीव्हीपासून वेगळी करावी आणि एचडीएमआयही. वीज जवळपास कोसळली तर छतावरच्या तारेनं आत येते, टीव्हीतून एचडीएमआयनं लॅपटॉपपर्यंत जाते. वळवाचा पहिला तडाखा बसून गेला की माझ्या टेबलावर जळलेल्या पोर्टांचे टीव्ही येऊन पडतात, आणि त्यातले बरेचसे वाचले असते.

कडा कापल्या जाण्याचा प्रकार मात्र निरुपद्रवी. जुन्या काचेच्या टीव्हीत कडेचं चित्र वाकडं यायचं, म्हणून टीव्ही ते मुद्दाम चौकटीबाहेर ढकलायचे. पडदे सपाट झाले, तरी ती रीत सेटिंगमध्ये राहून गेली. सिनेमात कळत नाही, पण लॅपटॉप लावला की खालची पट्टी गायब. टीव्हीच्या मेनूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा कंपनीगणिक तसलंच काही नाव असतं, ते निवडावं. त्या पोर्टचं नाव टीव्हीत ‘पीसी’ ठेवलं तर काही टीव्ही अक्षरंही जास्त रेखीव दाखवतात.

एक काम मी करत नाही. गणेशोत्सवात मंडळांची पोरं येतात, जुन्या प्रोजेक्टरवर अ‍ॅपमधला सिनेमा लावायचा असतो. मेनू दिसतो, आवाज येतो, चित्राच्या जागी काळोख. हा बिघाड नाही. चित्राची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयमध्ये एचडीसीपी नावाचं कुलूप आहे, आणि व्हीजीएसारख्या जुन्या जोडाला त्याची किल्ली नसते. ते कुलूप काढून टाकणारे डबे बाजारात मिळतात. मी ते ठेवत नाही. घरासाठी घेतलेल्या वर्गणीवर चौकात सिनेमा दाखवायचा हक्क मिळत नाही, हे मी पोरांना समजावून सांगतो. त्यांनी स्वतः काढलेले गावचे व्हिडिओ, जुन्या मिरवणुकांचे फोटो त्याच प्रोजेक्टरवर लावून देतो. एका मंडळानं तसं केलं तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा उशिरापर्यंत बसली होती.

अलीकडे तक्रारीचं रूप बदलतंय. नव्या पातळ लॅपटॉपांना एचडीएमआय पोर्टच नसतं, टाइप-सी असतं, आणि दुकानोदुकानी टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर लटकलेले असतात. टाइप-सीचं भोक सगळीकडे सारखं दिसतं, पण त्यातून चित्र बाहेर पडेलच असं नाही. काही पोर्टं फक्त चार्जिंग आणि फायलींपुरती असतात. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण असेल तर चित्र येतं. खूण नसेल तर मॉडेल बघावं लागतं, कारण काही कंपन्या सोय देऊनही खूण छापत नाहीत. म्हणून टाइप-सीचा अडॅप्टर मागायला कुणी आलं की मी सांगतो, आधी लॅपटॉप घेऊन या. काउंटरवर एक टीव्ही कायम लावून ठेवलाय. त्याच्यावर चित्र आलं तरच अडॅप्टर पिशवीत घालतो. नाही आलं, तर त्या लॅपटॉपला दुसरा कोणता मार्ग आहे ते त्याच्यासोबत बसून शोधतो, वायफायनं जोडता येतंय का तेही बघतो. वेळ जातो, मागे गिऱ्हाईक खोळंबतं. पण न चालणारी वस्तू घेऊन माणूस एसटीनं गावी गेला, की ती परत द्यायला त्याला पुन्हा एक दिवस मोडावा लागतो.